तोंडाने ओढायची नळी

मी भित्री आहे हे मला चंदीगडला जाईपर्यंत ठाऊक नव्हतं. मिरजेत शिकत असताना इतर मुलींना भीती दाखवण्याचं काम माझ्याकडे असायचं.

लग्नानंतर नवऱ्याला तिथल्या विद्यापीठात शिकवायची नोकरी लागली आणि मागोमाग मला एका सरकारी दवाखान्याच्या प्रयोगशाळेत. पंजाब पेटलेला होता ती वर्षं आम्ही तिथे काढली. शहर आखीव, रस्ते रुंद, चौकाचौकात फुलझाडं. पण बसमध्ये चढलं की पहिलं काम म्हणजे सीटखाली वाकून बघणं. बेवारशी पिशवी, डबा, ट्रान्झिस्टर दिसला तर हात लावू नका, असं सगळीकडे लिहिलेलं असायचं. एखाद्या स्कूटरचं टायर फुटलं तरी बाजारातली माणसं धडाधड खाली बसायची, मग एकमेकांकडे बघून हसायची. मला त्या हसण्याचीच जास्त धास्ती वाटायची.

प्रयोगशाळेत मात्र आम्ही कशालाच भीत नव्हतो, आणि भ्यायला हवं होतं ते तिथेच.

रक्त साकळलं की वर पिवळसर पाणी सुटतं, त्याला सीरम म्हणतात. ते मोजून घ्यायला पिपेट नावाची काचेची बारीक नळी असते. तिचं एक टोक नमुन्यात बुडवायचं, दुसरं ओठांत धरायचं आणि सरबत ओढतो तसं हळूच ओढायचं. खुणेच्या जरा वर पाणी चढलं की पटकन नळी तोंडातून काढून तिथे बोट दाबायचं. हेच काम करायला रबरी फुगे असतात, आणि आमच्याकडे ते होतेही, कपाटात. थंडीत ते दगडासारखे व्हायचे, उन्हाळ्यात चिकटायचे, आणि जो फुगा वापरी त्याला बाकीचे नवशिका समजत. माझा हात, म्हणजे खरं तर माझं तोंड, सगळ्यांत सफाईदार, असा माझा लौकिक होता. मला त्याचा गर्व होता हेही सांगून टाकते.

आमच्या वरिष्ठ बाई सरदारणी होत्या. रोज मोहालीहून बसने येत. त्यांना सगळे भैणजी म्हणत, म्हणून मीही म्हणायचे. तोंडाने फटकळ, हातात लोखंडी कडं, आणि डब्यात सगळ्यांना पुरतील इतके पराठे. त्यांनी एक पद्धत पाडली होती. कुणा मुलीला दिवस गेले असं कळलं की तिला त्या रक्ताच्या टेबलावरून उठवायच्या आणि खिडकीवर बसवायच्या. खिडकीवर नुसते नमुने घ्यायचे आणि त्यांना नंबर लावायचे. असं कुठे लिहिलेलं नव्हतं, प्रयोगशाळेच्या साहेबांना पसंतही नव्हतं, पण भैणजींपुढे साहेबांचं काही चालत नसे.

आणि मला दिवस गेले होते. आधीचं एक राहिलं नव्हतं, त्यामुळे सासूबाईंनी कोल्हापुराहून ट्रंककॉल करून बजावलं होतं की तीन महिने भरेपर्यंत कुणापाशी ब्र काढायचा नाही, आपल्यात सांगत नाहीत, दृष्ट लागते. मी शास्त्र शिकलेली. फोन ठेवल्यावर नवऱ्याजवळ सासूबाईंची नक्कलसुद्धा करून दाखवली. पण सांगितलं मात्र कुणालाच नाही. आधीचं गेल्यापासून माझा स्वतःवर विश्वास उरला नव्हता. मग दृष्ट तर दृष्ट, तेवढं पथ्य पाळायला काय जातंय, असं वाटलं. म्हणून भैणजींनाही माहीत नव्हतं, आणि म्हणून मी रक्ताच्याच टेबलावर होते.

त्या दिवशी सकाळी कुठल्याशा रस्त्यावर बस अडवून गोळीबार झाला होता आणि जखमी आमच्याकडे आणले होते. रक्त द्यायच्या आधी ते जुळतं का बघावं लागतं, ते काम आमचं. नमुन्यांचा ढीग लागला होता. भैणजी आणि मी समोरासमोर बसून नळ्या ओढत होतो, बोलायला फुरसत नव्हती. आमच्या दाराला स्प्रिंग होती. ते दिवसभर आपटायचं आणि आम्हाला त्याचं काही वाटायचं नाही. पण त्या सकाळी कुणीतरी धावत आत आलं, दार धाडकन आपटलं, आणि माझ्या अंगाला ते दार आहे हे कळायच्या आत मी दचकून श्वास आत घेतला.

नळी ओठांत होती. सगळं तोंडात आलं. कोमट होतं, किंचित खारट. ती चव मला आजही आठवते, आणि आठवली की मी जे काही करत असेन ते थांबवते.

मी थुंकले. भैणजींनी मला दंडाला धरून नळापाशी नेलं. मी चूळ भरत राहिले, हिरड्यांतून आपलंच रक्त यायला लागेपर्यंत बोटाने दात घासत राहिले. मग पोटाकडे हात गेला. तो हात त्यांनी पाहिला. तोवर त्या मला धीर देत होत्या की सगळ्यांच्याच तोंडात कधी ना कधी जातं, त्यांच्याही गेलंय. हात पाहिल्यावर त्या बोलायच्या थांबल्या.

"कितना हुआ?" त्यांनी हळू आवाजात विचारलं.

मी दोन बोटं दाखवली. त्यांनी ओढणीने माझं तोंड पुसलं आणि त्याच क्षणी मला खिडकीवर बसवलं.

दुसऱ्या दिवशी त्या नमुन्याचा रिपोर्ट आला. त्या जखमी माणसाच्या रक्तात काविळीचा विषाणू होता. साधी कावीळ नव्हे, रक्तातून पसरणारी ती. आम्ही तिच्याबद्दल परीक्षेत उत्तरं लिहिली होती. आईला झाली आणि तिच्या रक्तात टिकून राहिली, तर जन्मताना ती बाळाला लागते आणि बाळाच्या रक्तात बहुधा जन्मभर राहते, हे वाक्य मला तोंडपाठ होतं. ते पाठ नसतं तर बरं झालं असतं.

साहेब वाईट मनुष्य नव्हते. ते म्हणाले की यावर तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन असतं, जितकं लवकर घ्याल तितकं बरं, पण ते आपल्याकडे नाही, आणि कर्मचाऱ्यांसाठी मागवायची तरतूदही नाही. दिल्लीत मिळेल. दिल्लीहून ते बर्फात घालून आणावं लागेल, रस्त्यात गरम झालं तर पाण्याच्या लायकीचं. एवढं सांगून त्यांनी मला रजा देऊ केली. कामावर असताना माझ्या तोंडात जे गेलं त्याचा इलाज शोधणं हे माझं घरगुती काम झालं.

आणि ते काम नवऱ्याला करावं लागणार होतं. दिल्लीची बस सतरा सेक्टरातून सुटायची. वाटेतलं झिरकपूर तेव्हा एक तिठा आणि दोन-चार ढाबे एवढंच होतं, आणि पुढे अंबाल्यापर्यंत शेतं. त्या शेतांतून माणसं निघून बस अडवत, असं आम्ही रोज पेपरात वाचत होतो. मी त्याला म्हणाले, नको जाऊ. थोड्या वेळाने म्हणाले, कधी जाणार? मग त्याने घरातला मोठा थर्मास काढला, घासला, उन्हात वाळत ठेवला. मला त्याचा राग आला. इतक्या शांतपणे थर्मास घासणाऱ्या माणसाला काही झालं तर मी काय करायचं, या विचाराने मी त्याच्याशी उगाच भांडले.

तो गेला. संध्याकाळनंतर बसेस बंद असत, म्हणजे त्याला तिकडे मुक्काम करून सकाळी निघावं लागणार होतं. दुसऱ्या दिवशी मी खिडकीवर बसून नमुन्यांना नंबर लावत होते. स्ट्रेचरचा आवाज आला की हातातला नंबर लावायचा राहून जायचा. जखमींच्या चिठ्ठ्या माझ्याच खिडकीवर येत. प्रत्येक चिठ्ठी मी आधी उलटी ठेवायची, श्वास घ्यायची आणि मग नाव वाचायची. दुपार टळली तरी तो आला नाही. पोटात काय चाललंय, काविळीचं काय, सगळं विसरायला झालं. एक भीती मोठी झाली की दुसरी जागा करून देते, हे मला तिथे कळलं.

तो आला तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. शर्टाला माती, थर्मास छातीशी धरलेला. भैणजींनी तो त्याच्या हातातून जवळजवळ हिसकावला, झाकण काढून आत बोट घातलं, बर्फ आहे म्हणाल्या, आणि तिथेच पडदा ओढून मला इंजेक्शन दिलं.

रस्त्यात काय झालं ते त्याने मला तुकड्यातुकड्यांनी सांगितलं, बरंचसं नंतरच्या वर्षांत. अंबाल्याच्या अलीकडेच त्याने लस्सीवाल्याकडून नवा बर्फ भरून घेतला होता. पुढे बस थांबवली गेली. खाकी कपड्यातले बंदूकवाले चढले. खाकी म्हणजे पोलीसच असं त्या दिवसांत धरून चालता येत नसे, ते कपडे दुसरेही घालत. सगळ्यांना उतरवून रस्त्याच्या कडेला ओळीने उभं केलं. टॉवेलात गुंडाळलेला थर्मास बघून एकाने त्याला तो खाली ठेवायला लावला, बाकीच्यांना लांब हटवलं आणि म्हणाला, उघड. हा गुडघ्यांवर बसला. झाकणाची फिरकी फिरेना. त्यांना वाटलं हा मुद्दाम वेळ काढतोय. बंदूक त्याच्याकडे वळली, तेव्हा आईला सांगतानाही लाजलेला माझा नवरा भर रस्त्यात ओरडला की माझी बायको पोटुशी आहे, हे तिचं औषध आहे, सांडू नका.

ते पोलीसच निघाले. बस पुन्हा सुटल्यावर शेजारच्या म्हाताऱ्या बीजींनी, म्हणजे पंजाबी आजींनी, तो थर्मास चंदीगड येईपर्यंत स्वतःच्या मांडीवर धरला. अशा रीतीने तीन महिने भरायच्या आत आमची बातमी सगळ्या बसला कळली. सासूबाईंना हे आम्ही कधीही सांगितलं नाही.

इंजेक्शन मिळालं म्हणजे सुटलो असं नव्हतं. ते लागू पडलं की नाही हे काही महिने कळणार नव्हतं. सकाळी उठल्याबरोबर मी आरशात खालच्या पापण्या ओढून डोळ्यांचा पांढरा भाग बघायची. मळमळायचं, उलट्या व्हायच्या. त्या बाळाच्या की काविळीच्या? दोन्हींत अन्नावरची वासना जाते, दोन्हींत माणूस गळून जातं. डॉक्टर म्हणायचे सगळं ठीक आहे, आणि मला त्यांच्या चष्म्यावर पडलेला उजेडसुद्धा पिवळा दिसायचा. वरणात हळद घालणं मी बंद केलं. शेजारणीने मुळा खायला सांगितला, दुसरीने झाडा घालून, म्हणजे मंत्राने कावीळ उतरवून घ्यायला. मी दोघींवर चिडले आणि मुळा खाल्ला.

दर काही आठवड्यांनी भैणजी माझं रक्त काढायच्या आणि रिपोर्ट स्वतः येऊन सांगायच्या. आतापर्यंत ठीक, एवढंच. शेवटची तपासणी दिवस भरत आले तेव्हा करायची होती. ती निर्धोक निघाली तर बाळही निर्धोक. नाही निघाली तर बाळंतपणात काय करायचं याची चर्चा साहेब आणि डॉक्टर माझ्यासमोर इंग्रजीत करत होते, जणू मला इंग्रजी येत नव्हतं.

त्या शेवटच्या तपासणीच्या दिवशी खिडकीवर मला बसवेना. रक्त सकाळी देऊन झालं होतं. मी पोट सावरत उठले आणि आत गेले. दार ढकललं, पाऊल टाकलं आणि तिथेच थांबले.

भैणजी पाठमोऱ्या नव्हत्या, बाजूने दिसत होत्या. ओढणी मागे टाकलेली, मान वाकवलेली. समोर माझ्या नंबराची बाटली होती, तो नंबर मीच लावला होता. आणि त्यांच्या ओठांत नळी होती. माझं सीरम त्या काचेतून त्यांच्या तोंडाकडे चढत होतं.

इतके महिने मी फक्त रिपोर्टची वाट बघत होते. तो कसा निघतो हे माझ्याइतकं कुणाला माहीत होतं? तरी माझ्या डोक्यात ते एकदाही आलं नव्हतं. मला विषाणू आहे की नाही हे ठरवायला, असेल तर असेल, असं म्हणून कुणीतरी माझं रक्त तोंडाने ओढायला लागणार होतं, आणि भैणजींनी ते दुसऱ्या कुणाला करू दिलं नव्हतं. त्यांच्या घरी दोन शाळकरी मुलं होती.

हाक मारायला तोंड उघडलं आणि मिटलं. हाक मारली तर त्या दचकतील. मागे दार होतं, स्प्रिंग ताणलेली. सोडलं असतं तर ते आपटलं असतं. मी वळून ते दोन्ही हातांनी धरलं, मग पाठ लावून धरलं, टाचा जमिनीत रोवून. पोट कडक झालं होतं, बाळ आत फिरत होतं, बाहेरच्या बोळात स्ट्रेचर ढकलत आणत होते आणि मी मनात म्हणत होते, आता नको, जरा थांबा.

सीरम खुणेपर्यंत चढलं. त्यांनी नळी काढली, बोट दाबलं. मी श्वास सोडला तेव्हा त्यांनी वर पाहिलं. माझ्याकडे, मग मी धरलेल्या दाराकडे. पुढचं काम हाताचं होतं, ते त्यांनी केलं. मी दार सोडलं नाही.

बऱ्याच वेळाने त्यांनी तपासणीची काचेची प्लेट उजेडात धरली, तिरकी केली, परत सरळ केली.

"तू भी ठीक, बच्चा भी ठीक," त्या म्हणाल्या.

मग त्या नळापाशी गेल्या आणि चूळ भरली. परत भरली. मी दाराला पाठ लावून रडत होते आणि त्या चुळा भरत होत्या, थांबतच नव्हत्या.