साखरपुड्यातल्या मेथ्या

कडू पदार्थांची बाजू घेऊन अख्ख्या जगाशी भांडायला तयार असलेला माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो म्हणजे माझी थोरली आत्या. ती खानदेशात, भडगावला राहते. आम्ही भाचे मंडळीच नव्हे, तर सारी गल्ली तिला अक्का म्हणते. साठी ओलांडल्यावर तिला मधुमेह निघाला. दुसरं कुणी असतं तर खचलं असतं. अक्काने पदर खोचला आणि ती स्वयंपाकघरात शिरली. तिचं म्हणणं साफ होतं : "रोग चुल्हावरथीन उना, तो चुल्हावरथीनच जाई."

झालं! त्या दिवसापासून त्या घरातून गोडवा हद्दपार झाला. पहाटे उठून भिजवलेल्या मेथ्या चावायच्या, वर त्यांचं पाणी प्यायचं, मग दालचिनीचा बिनसाखरेचा चहा. गव्हाच्या पोळीला उंबरठ्याबाहेर काढलं आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीला राज्याभिषेक केला. जांभळाच्या दिवसांत ती आल्यागेल्याला कौतुकाने जांभळं खाऊ घालायची, पण समोर वाटी धरून उभी राहायची. बी थुंकायची ती त्या वाटीतच. मग गच्चीवर बिया वाळायच्या, कुटल्या जायच्या आणि त्यांची ती राखाडी पूड कुणाच्या ताकात कधी पडेल याचा नेम नसायचा. कारल्याच्या रसाचं तर विचारूच नका. मधुमेह असलेल्यांना तो जावा म्हणून आणि नसलेल्यांना तो होऊ नये म्हणून, असा रस सगळ्यांनाच मिळे. पेढ्यांचा पुडा घेऊन आलेला शेजारचा नवा जावई रसाचा पेला पिऊन डोळे पुसत परत गेला, हे मी स्वतः पाहिलं आहे. "पी ले भाऊ, कडू शे, पन गुन कितला!" असं म्हणून, पिणारा रिकामा पेला उलटा करून दाखवेपर्यंत ती समोरून हलत नसे. पंगतीत ती फडक्यात बांधलेली आपली भाकरी काढून बसायची आणि जिलबी वाढणाऱ्याकडे अशी बघायची की तो बिचारा शेजारच्या पानांनाही वाढायला घाबरायचा.

माझ्या मुलीचा साखरपुडा जळगावात ठरला, तेव्हा अक्काची पहिली हरकत त्या शब्दालाच होती. "साखरना पुडा कसाले? चांगलं काही द्या ना पोरीले!" असं म्हणत तिने पिशवीतून रंगीत कागदाचे सुबक पुडे काढून ताटात मांडले. प्रत्येकात मेथ्या. विहीणबाईंनी एक पुडा उघडला, हुंगला आणि माझ्याकडे पाहिलं. माझ्या बायकोने हसत हसत वर साखरेचे पुडे ठेवून वेळ मारून नेली.

त्या दिवशी अक्का सकाळपासून तांब्यामागून तांब्या पाणी पीत होती. जळगावचं चैत्रातलं ऊन, त्यामुळे कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. मग नवऱ्या मुलाला कुंकू लावायला ती उठली आणि कुंकू लावलं ते त्याच्या नाकावर. हॉलभर हशा पिकला. मीही हसलो. अक्काही हसली, पण मागे वळून खुर्ची चाचपताना तिचा हात हवेतच फिरला आणि ती खाली बसली. मी धावलो. ती माझा हात घट्ट धरून म्हणाली, "भाऊ, माले बठ्ठं धुकं दिसी ऱ्हायनं."

तिला तसंच गाडीत घालून दवाखान्यात नेलं. रक्ताचा थेंब घेतला, तर मशीन आकडाच दाखवेना. साखर त्याच्या मापापलीकडे गेली होती. डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी सलाईन लावून घेतलं आणि शांतपणे विचारलं, "अक्का, गोळ्या कधी बंद केल्या?"

अक्काने छताच्या पंख्याकडे पाहिलं. जांभळाच्या पुडीवर भरवसा ठेवून तिने गोळ्या केव्हाच सोडल्या होत्या आणि आमच्यापैकी कुणालाही सांगितलं नव्हतं.

बाई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "मेथ्या खा, कळण्याची भाकरी खा, चांगलंच आहे. पण त्या मदतीला आहेत. गोळीची जागा घ्यायला नाहीत. आज आल्या नसतात तर मला काही करता आलं नसतं."

 अक्का म्हणाली, "म्हंजे गोळी मीठ शे. मसाला कितला बी टाक, मीठ नही त भाजी नही."

"अगदी तेच!" बाई म्हणाल्या, आणि ते वाक्य आता त्या आपल्या पेशंटांनाही ऐकवतात, असं कानावर आलं आहे.

अक्का बरी होऊन भडगावला परतली ती नव्या उत्साहाने. आता देवळात आरतीआधी ती ओळखीच्या प्रत्येकाला "गोळी लिधी का?" म्हणून विचारते. ज्याने घेतली नसेल त्याला घरी पिटाळते. पुजाऱ्यालाही एकदा तिने असंच पाठवलं आणि देव ताटकळले.

गेल्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मी तिच्याकडे गेलो होतो. दुपारची जेवणं आटोपून आम्ही दोघं ओट्यावर बसलो होतो. मी सहज विचारलं, "अक्का, एवढी कडक कशी गं झालीस तू?"

 तिचे यजमान, आमचे फुवा, तिला मधुमेह निघण्याआधीच याच आजाराने गेले होते. आधी त्यांचा पाय काढावा लागला होता.

"तुना फुवा मांगेत, मी देऊ," ती म्हणाली. "पुरनना मांडा, वर आंबाना रस. नही म्हनाले जीव व्हये ना. माले वाटे, हाईच माया."

 ती उठली, आत जाऊन आंबा चिरून आणला. वाटी माझ्या हातात दिली आणि डॉक्टरीणबाईंनी परवानगी दिलेली एक फोड स्वतःला ठेवली. डोळे मिटून, साल पांढरी होईस्तोवर दातांनी खरवडत ती खात राहिली. तिची फोड संपेपर्यंत मी माझी वाटी तशीच हातात धरून बसलो.