सासूबाईंचे शेवटचे नऊ सामने

बेसबॉलची माझ्या सासूबाईंइतकी जाण असलेलं आणि तरीही त्या खेळाचं नाव एकदाही न उच्चारणारं दुसरं माणूस साऱ्या मिशिगनमध्ये सापडलं नसतं. त्या त्याला ‘तो खेळ’ म्हणत. ‘आज तो खेळ आहे का,’ असं विचारत, आणि तेही मला नव्हे, माझ्या बायकोला. मी तीन हातांच्या अंतरावर पेपर वाचत बसलेलो असलो तरी ‘त्यांना विचार, चहा ठेवू का’ हीच त्यांची रीत. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी ॲन आर्बरला विद्यापीठात संशोधन करत होतो आणि बायकोच्या पहिल्या बाळंतपणासाठी त्या नागपूरहून सहा महिन्यांकरता आल्या होत्या. जावयाशी थेट बोलायचं नसतं, हा नियम त्यांनी कपड्यांबरोबर सुटकेसमध्ये घालून आणला होता.

दुपारी बाळ आणि बाळाची आई झोपली की त्या देवाच्या वाती वळत टीव्हीसमोर बसत. बाळ उठू नये म्हणून आवाज पूर्ण बंद. त्यामुळे इंग्रजीची अडचण कधी आलीच नाही. एका शनिवारी डेट्रॉइटच्या टीमचा सामना लागला होता. समोरून चेंडू येत होते आणि आमचा बॅट्समन ते सोडून देत होता. सासूबाईंची वात अर्धवट राहिली. खोलीत माझ्याशिवाय दुसरं कोणीच नव्हतं, त्यामुळे त्यांचा नाइलाज झाला असावा. त्या टीव्हीकडेच बघत म्हणाल्या, “हा नुसता काहून बघून राहिला?” हे त्यांचं माझ्याशी पहिलं वाक्य. मी सांगितलं, की वाईट चेंडू मारायचा नसतो, असे चार सोडले तर पहिल्या बेसवर, म्हणजे पहिल्या टप्प्यावर, चालत जायला मिळतं. त्यांनी विचार केला आणि म्हणाल्या, “बरं आहे. धीर धरणाऱ्याला काहीतरी देतात.”

त्यानंतर आमच्या घरचं वेळापत्रकच बदललं. सामना साडेसातला असेल तर वरण-भात सहाला. खेळाडूंची नावं त्यांना जमत नसत, म्हणून एक ‘मिशीवाला’, एक ‘घाबरट’, आणि एकजण त्यांच्या धाकट्या दिरासारखा चालायचा म्हणून ‘भाऊजी’. खेळाडू सारखे थुंकतात याचं त्यांना फार वाईट वाटे. ‘चांगल्या घरची मुलं दिसतात,’ असं म्हणून त्या तेवढ्यापुरती मान वळवत. पलीकडच्या टीमचा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, मार खाऊन मैदानाबाहेर जाऊ लागला, की त्याच्या आईच्या मनाला काय वाटत असेल, याची त्यांना काळजी. सामना सोपा असला की वाती तलम व्हायच्या, अटीतटीचा झाला की बोटाएवढ्या जाड. चारी बेस फिरून खेळाडू होम प्लेटला, म्हणजे जिथून निघाला तिथेच, परत आला की धाव मिळते, हे मी समजावलं तेव्हा त्यांनी विचारलं, एवढं पळून शेवटी घरीच यायचं तर बाहेर गेला कशाला? एका मित्राकडे पॉटलकला, म्हणजे प्रत्येकाने एकेक पदार्थ नेण्याच्या जेवणाला, गेलो होतो, तर सासूबाई बेसमेंटमध्ये पोरांत बसून मॅच बघत होत्या. मित्र म्हणाला, “काकू, तुम्ही ग्रेट आहात. मला दहा वर्षांत रूल्स कळले नाहीत यार.” सासूबाईंनी त्याला शांतपणे समजावून सांगितलं. पहिल्यांदाच त्याला कळलं, असं तो नंतर मला म्हणाला.

सप्टेंबर संपत आला तेव्हा आमची टीम पहिल्या जागेपासून एका सामन्यावर होती आणि नऊ सामने उरले होते. सासूबाईंचं परतीचं विमान त्यातल्या पाचव्या सामन्याच्या दिवशी होतं. एका संध्याकाळी मी भांडी विसळत होतो, तर त्या मागे येऊन उभ्या राहिल्या. “तिकीट आठ दिवस पुढे होतं का?” मी म्हटलं, होईल की. त्या म्हणाल्या, “बाळाला खोकला आहे.” बाळाला खोकला नव्हता, आणि हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. मी तारीख चेंज करून घेतली.

बायको आनंदाने रडली. आईचा पाय निघत नाहीये, असं तिने सगळ्या मैत्रिणींना फोन करून सांगितलं. मग नागपूरला ट्रंक कॉल लावला. फोन शेजारच्या वकिलांकडे असे, सासऱ्यांना बोलावून आणावं लागलं. सहा महिने ते स्वतःच्या हातची खिचडी खात होते. सासूबाईंनी खोकल्याचं सांगितलं, तर म्हणाले, “मग राहा. बाळाकडे लक्ष दे. माझं चाललंय.”

त्यानंतर आम्ही तीन सामने जिंकलो, पण त्यांच्या वाती काही नीट होईनात. चौथ्या दिवशी सकाळी बाळाला तेल लावता लावता त्यांनी लेकीला सगळं सांगून टाकलं. खोकला नव्हता, खेळ पुरता बघायचा होता, आणि जन्मात पहिल्यांदा त्या यजमानांशी खोटं बोलल्या होत्या. बायकोने मला विचारलं, “तुला माहीत होतं?” मी तेलाची वाटी उचलून बाजूला ठेवली. ती म्हणाली, “मला वाटलं, माझ्यासाठी राहिली.” त्या दिवशी घरात कोणी कोणाशी बोललं नाही. साडेसात वाजले तरी टीव्ही बंद होता आणि सासूबाई स्वयंपाकघरात उगाच डबे पुसत होत्या. मग बायको उठली. तिने टीव्ही लावला, आवाज बंद केला आणि हाक मारली, “आई, ये. सुरू झालं.” सासूबाई येऊन कोपऱ्यात बसल्या. थोड्या वेळाने बायकोने विचारलं, “हा मिशीवाला कोण?” आणि तिची आई सांगू लागली. उरलेले सामने आम्ही तिघांनी बघितले. मधे बाळ.

शेवटच्या रविवारी एका धावेने हरलो आणि पहिली जागा हुकली. सासूबाईंनी वाती गोळा केल्या आणि आता पुन्हा कधी, असं विचारलं. मी म्हटलं, एप्रिलमध्ये. मंगळवारी त्यांचं विमान होतं.

महिन्याभराने सासऱ्यांचं पत्र आलं. त्यांनी लिहिलं होतं, ‘हिने आल्या आल्या सगळं सांगितलं. पस्तीस वर्षांत हिने कधी काही मागितलं नाही, म्हणून मी समजत होतो की हिला काही नकोच असतं. तुम्ही तिकीट बदललंत, बरं केलंत.’

तीन वर्षांनी आम्ही नागपूरला गेलो, तेव्हा घर पाहुण्यांनी भरलेलं होतं. त्यांची माझी गाठ पडायची ती ताटावर, आणि चार माणसांत त्या माझ्याशी काय बोलणार! निघताना मी नमस्काराला वाकलो, तेव्हा त्या हळूच म्हणाल्या, “आता कोणाबरोबर बघता?”

“एकटाच बघतो.”

त्यांनी फाटकाजवळ खेळणाऱ्या नातीकडे, आमच्या लेकीकडे, बघितलं. “हिला शिकवा. तुम्ही छान समजावून सांगता.”

एवढ्यात रिक्षावाल्याने हॉर्न वाजवला, सामान चढवायची घाई झाली आणि मला काही बोलता आलं नाही. पुढच्या हिवाळ्यात त्या गेल्या. मी इतकी वर्षं वर्गात शिकवतो आहे, माझ्या शिकवण्याबद्दल विद्यार्थी बरंच काही चांगलं बोलतात. ऐकताना दर वेळी मला वाटतं, फाटकाशी थांबून त्यांना नुसतं ‘हो’ तरी म्हणायला हवं होतं.