कपाटातला हिवाळा

सर्व संबंधितांना अत्यंत गांभीर्यानं कळवण्यात येतं की, नागपूरच्या उन्हाळ्याचा आजवर एकदाच पराभव झालेला आहे. तो महाल भागातल्या एका गल्लीत, लोखंडी कपाटाच्या आत झाला, आणि तो करणारा इसम माझा साडू आहे. वर्तमानपत्रांनी या घटनेची दखल घेतली नाही. उन्हाळ्यानं स्वतः ती मान्य केलेली नाही. तेव्हा ती सांगायची जबाबदारी माझ्यावर येऊन पडली आहे, आणि उपकाराची जाणीव असलेला माणूस म्हणून मी ती मोठ्या आनंदानं उचलतो आहे.

आमचे साडू खापरखेड्याच्या वीजकेंद्रात बॉयलरवर होते. म्हणजे उभी हयात त्यांनी उष्णता तयार करण्यात आणि ती कुठून निसटत तर नाही ना, हे पाहण्यात घालवली. निवृत्त झाल्यावर माणसं गुडघे, देव किंवा शेअर बाजार यांपैकी एकाकडे वळतात. साडू हवेकडे वळले. हवा खेळते की नाही, हा त्यांच्या दृष्टीनं माणसाच्या चारित्र्याइतकाच महत्त्वाचा प्रश्न आहे. कुणाच्याही घरी गेले की ते आधी खिडक्या मोजतात, मग माणसांकडे पाहतात. सदऱ्याच्या वरच्या खिशात पेनाच्या जागी अगरबत्ती असते. ती पेटवून खोलीच्या मधोमध धरायची, धूर कुठं जातो ते डोळे बारीक करून पाहायचं आणि मग निकाल द्यायचा. एका लग्नात हॉलमध्ये उकडत होतं म्हणून त्यांनी भिंतीतल्या पंख्यासमोर अगरबत्ती धरली, तर मागून आलेल्या एका आजीबाईंनी चप्पल काढून त्या पंख्याला नमस्कार केला आणि त्यांच्यामागे आणखी दोघींनी. साडूंनी त्यांना अडवलं नाही. पंखा नमस्काराच्या लायकीचा होता, असं त्यांचं मत पडलं.

“गरम हवा म्हणजे पाहुणा आहे, भाऊ,” ते मला नेहमी सांगत. “तिले जाची वाट दाखवा, आपल्या पायानं जाते. दार लावून घेतलं का मुक्काम ठोकते.”

हे तत्त्वज्ञान मात्र त्यांना सहज सुचलेलं नाही. त्यामागे एक फजिती आहे आणि ती त्या कपाटाशी जोडलेली आहे.

झालं असं, की एका फेब्रुवारीत साडूंना लहर आली, भर उन्हाळ्यात सांबार पिकवायचा. सांबार म्हणजे आमच्या नागपूरकडची कोथिंबीर. इडलीबरोबर येतो तो निराळा. थंडीत हा सांबार बाजारात ढिगानं येतो आणि घराघरांत सांबारवडी तळली जाते. मे महिन्यात तोच सांबार सकाळी मान टाकतो आणि दुपारी त्याचा वासही घर सोडून गेलेला असतो. साडू म्हणाले, झाडाला हिवाळा लागतो ना, मग आपण हिवाळा बांधू. त्यांनी बायकोचं माहेरहून आलेलं लोखंडी कपाट रिकामं केलं. आतून थर्माकोल चिकटवला, कप्प्यांवर मातीचे ट्रे मांडले, वर दिव्याच्या पट्ट्या लावल्या आणि भंगारातल्या कॉम्प्युटरचा छोटा पंखा आत बसवला. कपाटातल्या साड्या पलंगाखाली गेल्या. सासऱ्यांनी दोन्ही मुलींना एकसारखी कपाटं दिली होती, त्यामुळे त्या दिवसापासून आमची मंडळी आमच्या कपाटाची किल्ली कमरेला लावून हिंडू लागली.

पहिलं पीक बुडालं. हात लागेल तिथली गळती बंद करायची, हीच साडूंची आयुष्यभराची नोकरी. त्यांनी कपाटाची एकूण एक फट चिकटपट्टीनं बुजवली. बाहेरची झळ आत येता कामा नये! झळ आली नाही, पण दिव्यांची ऊब आणि मातीची वाफ आतच कोंडली. आठवडाभरात आत असा दमट उबारा झाला की कोवळे कोंब बुडाशी सडून एकमेकांच्या खांद्यावर पडले आणि मातीवर पांढरी बुरशी आली. साडूंनी दोष बियाण्याला दिला, पाण्याला दिला, चिकटपट्टीच्या दर्जालाही दिला. शेवटी ताईंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीनं आणि माझ्या मोठ्या मेव्हणीनं, विसरलेली एक साडी शोधायला कपाट उघडलं, नाकाला पदर लावला आणि विचारलं, “कूलर लावला का मागची खिडकी उघडी ठेवा लागते, हे आपल्या गल्लीतल्या मांजरीलेबी ठाऊक आहे. तुमच्या कपाटाले खिडकी कुठं आहे?”

नागपुरात जन्म काढून, दर उन्हाळ्यात कूलरच्या वाळ्याच्या ताट्या स्वतः बदलून, मागची खिडकी विसरलेला माणूस दुसरं काय करणार? त्याच संध्याकाळी त्यांनी ड्रिल मशीन आणलं आणि माहेरच्या कपाटाच्या डोक्यावर ताटलीएवढं भोक पाडलं. खाली पायाशी त्याहून मोठं. वरच्या भोकावर पंखा बसवला, तो गरम हवा ओढून पाइपातून थेट खिडकीबाहेर सोडायचा. खालच्या भोकाला घरातला एकुलता एक मोठा कूलर जोडला, तोही ताईंचे जुने परकर शिवून केलेल्या लांबलचक नळीनं. दिवे रात्री चालू, दिवसा बंद, म्हणजे दिव्यांची ऊब आणि उन्हाची झळ एकाच वेळी अंगावर येत नाही. त्या घरातल्या सांबाराची दुपार आपल्या मध्यरात्री होत असे. घरच्या माणसांना कपाटाच्या फटीतून जी गार झुळूक सुटेल ती मिळायची. मे महिन्यात त्यांच्याकडे गेलो की साडू मानाच्या पाहुण्याची खुर्ची त्या फटीजवळ मांडत.

आणि सांबार आला. खरंच आला. हिरवागार, दाट, डिसेंबरातला असावा तसा. कपाटाचं दार उघडलं की अख्ख्या घरात हिवाळ्याचा वास सुटायचा. पण साडू एक काडी तोडू देत नसत. कारण सकाळच्या चहाच्या टपरीवर त्यांचे निवृत्त सहकारी जमतात, त्यांच्याशी पैज लागली होती. नवतपा, म्हणजे आमच्या उन्हाळ्याचे सगळ्यात तापलेले नऊ दिवस, संपेपर्यंत सांबार उभा राहिला, तर ती सगळी टोळी घरी येऊन कपाटाला हात जोडणार. आणि करपला, तर साडूंनी गरमी आणि हवा या विषयांवर जन्मात पुन्हा तोंड उघडायचं नाही. टपरीचं यात नुकसान काहीच नव्हतं, हरली तर नुसते हात जोडायचे, जिंकली तर जन्माची शांतता. साडूंना मात्र हरण्याची शक्यताच दिसत नव्हती. ते रोज अगरबत्ती घेऊन कपाटाच्या पायाशी बसत आणि धूर आत ओढला जाऊन वरून निघाला की एखाद्या सेनापतीसारखे उठत.

त्याच मे महिन्यात माझी बायको टायफॉइडनं अंथरुणाला खिळली.

ताप उतरला, पण तोंडाची चव गेली ती गेलीच. आमच्या मंडळींची ओळख ज्यांना नाही त्यांच्यासाठी सांगतो. मिठाच्या बाबतीत आमच्या नातेवाइकांत हिचा निकाल शेवटचा. कढीचा एक घोट घेऊन ती सांगायची, मीठ दोनदा पडलं आहे आणि दुसऱ्यांदा नवऱ्यानं टाकलं आहे. तिच्यापुढे पान मांडताना आचारी देवाचं नाव घेत. अशी ही बाई आता दोन घास खाऊन ताट सरकवत होती. सगळं भुशासारखं लागतं, म्हणायची. एकदा मी घाईत खिचडीत खरंच दोनदा मीठ घातलं. ती तिनं मुकाट्यानं खाल्ली. त्या दिवशी मी स्वयंपाकघरात जाऊन भिंतीला टेकून उभा राहिलो. तिच्या तापात मी इतका घाबरलो नव्हतो. डॉक्टर म्हणाले, अंगात काही उरलेलं नाही, जे मागेल ते द्या, पण खाऊ घाला. ती काही मागतच नव्हती.

साडू ताईंना घेऊन पाहायला आले. डोक्याला दुपट्टा, खिशात ऊन लागू नये म्हणून कांदा आणि अर्थातच अगरबत्ती. तब्येत विचारण्याआधी त्यांनी अगरबत्ती पेटवली. धूर खोलीत तसाच उभा राहिला, जसा काही तोही आजारी होता. त्यांनी माळ्याजवळची, कधी काळी रंगानं चिकटून बसलेली झरोक्याची खिडकी स्टुलावर चढून उघडली, दारापाशी छोटा पंखा पाठमोरा लावला आणि पुन्हा अगरबत्ती धरली. धूर हळूच वाकला आणि झरोक्यातून निघून गेला. त्या दुपारी बायको कितीतरी दिवसांनी नीट झोपली. ती उठल्यावर साडूंनी स्टुलावर बसूनच विचारलं, “काय खावंसं वाटते वं तुले?”

ती छताकडे पाहत म्हणाली, थंडीतली सांबारवडी. आणि स्वतःच हसली, कारण बाहेर रस्त्याचं डांबर मऊ झालेलं होतं. मी उठलो आणि बाजारातून होत्या नव्हत्या तेवढ्या जुड्या आणल्या. ताईंनी त्या हुंगून बाजूला ठेवल्या. साडूंनी कांदा खिशात घातला आणि ताईंना घेऊन निघाले.

पुढचं आधी सांगून टाकतो. नवतपा संपायला थोडेच दिवस राहिले होते. ठरल्या दिवशी टपरीची टोळी महालात पोचली, तेव्हा कपाटात नुसती माती होती आणि वरचा पंखा उगाच फिरत होता. ताई सांगत होत्या, एकजण म्हणाला, “काय झालं गा? काल-परवा तर फुशारकी मारून राहिला होता.”

“गरमीनं खाल्लं,” साडू म्हणाले. “हरलो.”

आणि त्यांनी शब्द पाळला. त्या उन्हाळ्यापासून कुणी “काय उकडतंय” म्हणालं की साडू मान वर करतात, ओठ उघडतात, आणि मिटतात. मग खिशातून अगरबत्ती काढून पेटवतात आणि धूर कुठं जातो ते गुपचूप पाहतात. उठून खिडकी मी उघडतो. नागपुरातला हवेवर सगळ्यात जास्त बोलणारा माणूस आमच्या घरामुळे गप्प झाला आहे, आणि त्याच्या वाटचं बोलणं निदान कागदावर तरी कुणी बोलावं, म्हणून हा सगळा खटाटोप.

पण मला साडू येऊन गेले त्याच्या दुसऱ्या दिवशीच्या दुपारी परत जायचं आहे. ऊन इतकं होतं की गल्लीत कुत्रंही नव्हतं. दारात स्कूटर थांबली. पुढं दुपट्ट्यात गुंडाळलेले साडू, मागं मांडीवर डबा घट्ट धरून ताई. डबा उघडला आणि मे महिन्यातल्या आमच्या खोलीत हिवाळा शिरला. तळलेल्या बेसनाचं खमंग आवरण आणि आत गच्च हिरवा सांबार. कढीची वाटी मी धरली. ताई घाम पुसायचं विसरून पलंगाच्या कडेला बसल्या. साडू झरोक्याखाली उभे होते, हातात अगरबत्ती, पण पेटवायचं भान नव्हतं.

बायकोनं वडी मोडली. वास घेतला. एक घास तोंडात टाकला आणि हळूहळू चावू लागली. आम्ही तिघं तिच्या जबड्याकडे असे पाहत होतो, जसे काही तिथून निकाल जाहीर होणार होता. तिच्या कपाळाला आठी पडली. ही आठी मी ओळखत होतो. मोठमोठे आचारी हिच्यापुढे गारठले होते, आणि मला ती गेले कित्येक दिवस दिसली नव्हती. घास गिळून ती बहिणीकडे वळली आणि तिच्या जुन्या, खणखणीत आवाजात म्हणाली,

“मीठ टाकाले विसरली का वं, ताई?”