बोरगाव नावाचं मशीन

मी सतरा वर्षांपासून कम्प्युटर शिकवतो. मशीनमध्ये आपण जे टाकतो तेच बाहेर येतं, हे वाक्य दर वर्षी नव्या बॅचला पहिल्याच तासाला ऐकवतो. घरी कुणी अंगारा-धुपारा काढला की मी उठून अंगणात जातो, एवढा माझा या गोष्टींवर विश्वास. त्यामुळे हे लिहिताना लाज वाटते... पण खरी लाज दुसऱ्याच गोष्टीची आहे. ती लिहिल्याशिवाय हा अनुभव सांगता येत नाही.

पांढुर्ण्यात एक खासगी कॉलेज आहे, नाव नको. पहिल्या मजल्यावर लॅब, तिथे एकवीस कम्प्युटर आणि खिडकीजवळ सर्व्हर. त्या सर्व्हरवर आम्ही व्हर्च्युअल मशीन चालवतो, म्हणजे खऱ्या कम्प्युटरच्या आत चालणारे मानीव कम्प्युटर. एक मशीन नीट बसवून ठेवायचं, वर्ग आला की कमांड लाइनवर एक ओळ लिहून त्याचे हुबेहूब क्लोन काढायचे आणि काम झालं की क्लोन पुसायचे. मुलांचे प्रॅक्टिकल तेवढे मूळ मशीनमध्ये जमा करायचे, एरवी त्याला हात लावायचा नाही.

हे सगळं बसवलं सुखदेवभाऊंनी. लॅब त्यांच्याकडे होती, मी त्यांच्या हाताखाली. ते बोरगावचे, मी सौंसरचा. सकाळी ते मोटरसायकलनं सौंसरच्या स्टँडवर यायचे, गाडी तिथेच लावायचे आणि आम्ही दोघं एकाच बसनं पांढुर्ण्याला जायचो. मशीनला नंबर द्यायला त्यांचा विरोध होता. नंबर कोणाच्या ध्यानात राहात नाही, गाव राहाते, असं त्यांचं म्हणणं. म्हणून क्लोनची नावं तिगाव, सावरगाव अशी आणि मूळ मशीनचं नाव बोरगाव. तुमचंच गाव मूळ कसं, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, ज्यानं बसवलं त्याचं गाव. तुम्ही बसवा अन् सौंसर ठेवा.

आमच्याकडे संत्र्याची चाळीस झाडं आहेत, तेवढ्यावरून ते मला पाटील म्हणायचे. आणि मी होतो आळशी. पूर्ण कमांड टाइप करायच्या ऐवजी वरचा बाण दाबून आधीची कमांड ओढायची आणि तिच्यातले शब्द बदलायचे, ही माझी सवय. त्यावर त्यांनी उपाय काढला होता. ओळीच्या सुरुवातीला हॅशचं चिन्ह टाकलं की मशीन ती ओळ वाचत नाही, माणसापुरती राहते. पुसण्याची कमांड देण्याआधी ते अशी एक ओळ लिहून ठेवायचे. मी बाण दाबला की ती हमखास समोर यायची — "पाटील, नाव वाचलं का?"

त्या फेब्रुवारीत, एका शुक्रवारी दुपारी, सुखदेवभाऊ केबल आणायला बाजारात गेले होते. मला तिगाव नावाचा क्लोन पुसायचा होता. बाण दाबून क्लोन काढायची जुनी कमांड ओढली. तिच्यात आधी मूळ मशीनचं नाव असतं, मग क्लोनचं. मी 'बनव'च्या जागी 'पूस' केलं, शेवटचं नाव खोडलं, पहिलं तसंच राहिलं आणि एंटर दाबलं.

बोरगाव गेलं. मुलांचे वर्षभराचे प्रॅक्टिकल त्याच्यातच जमा होते. बॅकअपची डिस्क उघडली, ती वाचली जाईना.

सर्व्हरवर आम्ही दोघं एकाच लॉगिननं काम करायचो आणि ते लॉगिन सुखदेवभाऊंच्या नावाचं होतं. मी काय केलं, तर सर्व्हरवरची, आधी दिलेल्या कमांडची यादी पुसली आणि वर्गात जाऊन उभा राहिलो. संध्याकाळी प्राचार्यांनी विचारलं तेव्हा सांगितलं, मी तर क्लासवर होतो. त्यांना ते लगेच पटलं. बाकी स्टाफलाही पटलं. सुखदेवभाऊंच्या वस्तीतल्या माणसाची चूक आमच्याकडे किती पटकन पटते, हे मला माहीत होतं. मी त्याचा फायदा घेतला.

सुखदेवभाऊंनी माझ्याकडे एकदा पाहिलं. बोलले काहीच नाहीत. एप्रिलमध्ये त्यांचा करार संपला, तो पुन्हा झाला नाही. नोव्हेंबरात ते गेले, हार्टचं निमित्त झालं. त्यांच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला मी बोरगावला गेलो, मागच्या रांगेत बसलो आणि वहिनींना न भेटताच परतलो.

आता अनुभव.

ते गेल्यानंतरच्या सत्रात लॅब माझ्याकडे आली. मी नवी डिस्क बसवली, कोऱ्यापासून नवं मूळ मशीन तयार केलं. त्याला गावाचं नाव द्यायची हिंमत झाली नाही. नुसतं 'मूळ' ठेवलं. सकाळी अकराच्या सुमारास त्याचा पहिला क्लोन काढला, सुरू केला आणि सवयीनं वरचा बाण दाबला. नव्या मशीनमध्ये बाण दाबून काहीच यायला नको.

एक ओळ आली. बोरगाव पुसायची. माझी.

पुन्हा बाण दाबला. "पाटील, नाव वाचलं का?"

उन्हं खिडकीतून टेबलावर आली होती, बाहेर पोरं सायकली लावत होती. मूळ मशीन उघडून पाहिलं, त्याची यादी कोरी. दुसरा क्लोन काढला, त्यात त्याच दोन ओळी. तिसऱ्यातही त्याच. सगळं पुसून मूळ मशीन पुन्हा बसवलं, तरी तेच. नागपूरच्या एका जाणकार मित्राला फोन केला. तो म्हणाला, मूळमध्येच कुठेतरी राहिलं असेल. पण ती कमांड कुठल्याही व्हर्च्युअल मशीनच्या आत कधी दिलीच नव्हती. ती सर्व्हरवर दिली होती, जुन्या डिस्कवर, आणि ती डिस्क केव्हाच भंगारात गेली होती.

लॅबमध्ये माझ्या मदतीला असलेल्या मॅडमना बोलावून दाखवलं. त्यांनाही ओळी दिसल्या. म्हणाल्या, "कोण्या पोट्ट्याची मस्ती असन, सर. तुम्ही कायले एवढा घाम पुसून राहिले?"

मी त्यांना हे सांगू शकलो नाही की त्या दुपारी घाईत माझ्याकडून दोन शब्दांच्या मध्ये तीन स्पेस पडल्या होत्या. स्क्रीनवरच्या ओळीतही तीनच होत्या. ते मी सोडून कोणीही पाहिलेलं नव्हतं.

आठवडाभर हेच चाललं. रविवारी बोरगावला गेलो. वहिनींनी खुर्ची दिली, पाणी दिलं. मी उभ्यानंच सगळं सांगितलं. त्या मेथी निवडत होत्या, त्यांचा हात थांबला नाही.

"त्यायले माहीत होतं, भाऊजी," त्या म्हणाल्या. "त्याच दिवशी घरी येऊन सांगतलं, पाटलानं बोरगाव उडवलं म्हणून. हसले बी."

मग ते बोलले का नाहीत, मी विचारलं.

"मीबी हेच म्हनत होती. तर म्हने, मी कायले सांगू? तो सांगन. आज नाही तर उद्या सांगन."

सोमवारी मी प्राचार्यांना लेखी दिलं. आता माणूसच राहिला नाही तर कागदाचा काय उपयोग, असं ते म्हणाले. मी हट्ट धरून ते पत्र स्टाफ मीटिंगमध्ये स्वतः वाचलं. एकानं उठून पंख्याचा वेग वाढवला. एक प्रत वहिनींना नेऊन दिली. माझी नोकरी राहिली, लॅब गेली. ते बरोबरच झालं.

त्यानंतर क्लोनमध्ये काहीही येत नाही. वर्गापुरता लॅबमध्ये जातो तेव्हा बाण दाबतो, यादी कोरी असते. सुटल्यासारखं वाटेल असं वाटलं होतं. तसं वाटत नाही. त्या ओळी कुठून येत होत्या आणि कशा थांबल्या, ते मला आजही सांगता येत नाही. ज्यांना विचारलं त्यांनाही आलं नाही.

पण वहिनींनी त्या रविवारी आणखी एक गोष्ट सांगितली होती. काम गेल्यावर सुखदेवभाऊ रोज संध्याकाळी साडेपाचला सौंसरच्या स्टँडवर जाऊन बसायचे. पांढुर्ण्याची बस आली, माणसं उतरली की घरी परतायचे. "पाटील उतरला तर बोलन, म्हनत," वहिनी म्हणाल्या. "तुम्ही दिसलेच नाही कधी. बस बदलली होती का तुम्ही?"

हो म्हटलं मी.

तेही खोटं होतं. बस तीच होती. खिडकीतून मला ते बाकावर बसलेले दिसले होते, पहिल्याच आठवड्यात. त्या दिवशी मी स्टँडवर उतरलोच नाही, पुढच्या थांब्यापर्यंत गेलो. दुसऱ्या दिवसापासून मी एक थांबा आधी उतरून पायी घरी जात होतो.