सगळे एकाच दिशेने

आजोबा गेल्यावर तुमच्याजवळ राहायचं म्हणून मी पुण्याचं घर आवरून इकडे कानडी मुलखात, व्हाइटफील्डला आले. मग तुमच्या बाबाची बदली झाली आणि तुम्ही सगळे परदेशी गेलात. उरलं शहर. तेव्हा ठरवलं, दर आठवड्याला इथली एक बाग बघायची. मेट्रोने कब्बन पार्कला गेले, लालबागेतल्या खडकावर हळूहळू चढले, एका तळ्याकाठी पाणकोंबड्या बघत बसले. सगळं सुंदर होतं. पण मोठ्या बागेत तेच माणूस पुन्हा भेटत नाही. "किती छान," म्हणायला शेजारी वळावं, तर बाकावर माझीच पिशवी.

शेवटी कोपऱ्यावरच्या छोट्या बागेत रोज सकाळी जायला लागले. तिथे पाटी आहे: घड्याळाच्या काट्यांप्रमाणे चाला. मी पाट्या पाळणारी बाई. तिथे सगळेच पाळतात, त्यामुळे कोणाचा चेहरा कोणाला दिसत नाही. मला पाठीच ओळखू यायला लागल्या. माकडटोपीवाली पाठ, फोनवर भांडणारी पाठ, आणि नेहमी माझ्या पुढे असणारी, वेणीत मोगरा माळलेली पाठ.

एकदा फोनवर तुमच्यातल्या धाकटीने विचारलं, "आजी, तुला तिथे कोणी मैत्रीण मिळाली का गं?"

"बघते हं," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी मी उलटी फिरले. वॉचमनने शिट्टी मारली, "अज्जी, राँग साइड!" माकडटोपीवाले म्हणाले, "मॅडम, पाटी इंग्रजीतही आहे!" मग समोरून मोगरेवाली आली. चांगली माझ्याच वयाची निघाली. थांबली, माझ्या पायांकडे बघून इंग्रजीत म्हणाली, "रोज माझ्या मागे असता, त्या तुम्हीच ना? उजवा बूट करकरतो तुमचा."

मी हो म्हणेपर्यंत पुन्हा शिट्टी. "सरी, सरी," असं कानडीत ‘बरं, बरं’ म्हणत ती हसून पुढे गेली. नाव विचारायचं राहून गेलं.

आता मी पुन्हा नियमाने चालते. ती मागे वळून बघत नाही. कधीकधी वळणावर जरा हळू होते. माझ्यासाठी, की तिला दम लागतो, कळत नाही. धाकटीला काय सांगावं, तेही ठरत नाही.

बाबाने पाठवलेले नवे बूट मिळाले. मऊ आहेत, अजिबात आवाज करत नाहीत. कपाटात ठेवलेत.