मामा आणि क्षारपडीतलं फूल

पिवळं फूल दिसलं की धावत्या गाडीतून उतरू पाहणारा माणूस अख्ख्या कोल्हापूर जिल्ह्यात एकच आहे, आणि तो माझ्या बायकोचा सख्खा मामा आहे. मामांनी कॉलेजच्या वनस्पतिशास्त्र विभागात चौतीस वर्षं प्रयोगशाळा सहायक म्हणून काढली. प्राध्यापकांनी आणलेली रोपं दाबायची, वाळवायची, जाड कागदावर टाक्यांनी शिवायची आणि कोपऱ्यातल्या चिठ्ठीवर छापल्यासारख्या अक्षरात नाव-गाव लिहायचं, हे त्यांचं काम. चिठ्ठीची शेवटची ओळ ‘संग्राहक’. तिथं कुणा ना कुणा साहेबांचं नाव यायचं. मामांनी अशा हजारो चिठ्ठ्या लिहिल्या, पण स्वतःचं नाव एकीवरही नाही. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, “आपण वाढपी, पावणं. वाढप्यानं किती जेवलो ते सांगायचं नसतंय.”

निवृत्तीनंतर मात्र वाढपी पंगतीला बसला. मामा भिंग खिशात घालूनच घराबाहेर पडू लागले. विहारात वंदनेला न्यायची फुलंसुद्धा आधी भिंगाखालून जात. मामी हाका मारून दमत. माझ्या मेहुणीच्या लग्नात तर त्यांनी नवरदेवाच्या गळ्यातल्या हारातला झेंडू सोलला आणि भर मांडवात त्याला सुनावलं, “हे एक फूल न्हवं, जावईबापू! आख्खी तालीम हाय! ह्यात शंभर पैलवान हायती, बारकी बारकी फुलं. सूर्यफुलाचं सगळं कूळच असलं!” नवरदेव मान डोलवत राहिला. त्याला वाटलं, हा एखादा विधी असावा.

तीन वर्षांपूर्वी थंडीत एका सकाळी साडेसहाला फोन आला. “पावणं, गाडी काढा. शिरोळकडं जायचंय.”

“कोण आजारी आहे?”

“आजारी न्हाय वो, फुललंय!”

दोन दिवसांपूर्वी ते एसटीनं तिकडं गेले होते. खिडकीतून शेतात काहीतरी पिवळं दिसलं, कंडक्टरनं मधेच गाडी थांबवली नाही, आणि तेव्हापासून मामांना जेवण गोड लागत नव्हतं.

शेत म्हणजे नावाला शेत. वर्षानुवर्षं उसाला पाणी पाजून जमिनीतलं मीठ वर आलेलं. कुठं पांढरी खपली, कुठं डबकी, कडेला पाणकणीस. आणि मधे, दुसरं काही उगवत नव्हतं तिथं, टिकलीएवढ्या पिवळ्या फुलांचा एक पट्टा. मामांनी विजार गुडघ्यापर्यंत दुमडली आणि थेट आत घुसले. मग चिखलात चक्क पालथे झाले, डोळ्याला भिंग लावलं. थोड्या वेळानं बोटभर चिखल जिभेवर ठेवून ओरडले, “खारट हाय! पावणं, चाखा की!” मी नाश्ता झाल्याचं सांगितलं.

आरडाओरडा ऐकून शेताचे मालक आण्णा आणि त्यांच्या पत्नी, सगळ्यांच्या अक्का, धावत आले. आण्णांना वाटलं, मोजणीला कुणीतरी आलंय. मामा चिखलानं माखलेले उठले आणि हात जोडून म्हणाले, “आण्णा, तुमचं नशीब थोर! असलं फूल म्या चौतीस वर्षांत बघितलं न्हाय!”

अक्का बोलल्या. “हितं आमचा ऊस उभा होता, मामा. माणूस दिसत न्हवता आत गेलेला. हे फूल यायला लागलं, तवापास्नं आमी हिकडं बघायचं सोडलंय.”

मामांचा हात भिंगासकट खाली आला. तोंडातला चिखल थुंकायचंही त्यांच्या लक्षात राहिलं नाही. मग त्यांनी विचारलं, “एक रोप नेऊ का, अक्का?”

“सगळी न्या की,” अक्का म्हणाल्या.

त्यांनी एकच नेलं. कॉलेजातल्या मॅडमनी दोन दिवस पुस्तकं चाळली, आणि दोन्ही दिवस मामा विभागाच्या दारात स्टुलावर बसून होते. तिसऱ्या दिवशी मॅडम म्हणाल्या, की जात नवी नाही. समुद्राकडच्या खाजणात होते, पण आपल्या संग्रहात या जिल्ह्यातला एकही नमुना नाही. “समुद्राकडचं पोरगं घाट चढून आलंच कसं वो!” म्हणून मामांनी टाळी वाजवली. मॅडमनी कोरी चिठ्ठी पुढं सरकवली. मामांनी नाव लिहिलं, गाव लिहिलं, ‘खारवट दलदल’ लिहिलं आणि थांबले. “संग्राहक तुमचं टाकू न्हवं?”

“मामा, चिखलात कोण झोपलं होतं?”

चौतीस वर्षांत खाडाखोड न केलेल्या माणसानं स्वतःचं आडनाव चुकवलं. दुसरी चिठ्ठी घ्यावी लागली. त्या संध्याकाळी गल्लीत घरोघरी पेढे गेले, आणि मामी प्रत्येक दारात खुलासा करत होत्या, की नातू झालेला नाही, फूल झालंय.

पुढं आण्णांनी जमिनीखालून निचऱ्याचे पाईप घातले. पावसाळ्यांनी मीठ धुऊन नेलं. यंदा त्यांचा फोन आला, “मामा, हुरडा खायला या.” आम्ही गेलो, तर त्याच जागी छातीएवढा शाळू डुलत होता. अक्का गरम कणसं चोळून मामांच्या ओंजळीत टाकत होत्या, आण्णा पाईप कसे कुठं टाकले ते सांगत होते. पोटभर खाऊन मामा उठले आणि भिंग घेऊन बांधाबांधानं फिरले. चारी बांध, पाटाची कड, विहिरीमागची ओल. तासाभरानं परत आले.

अक्का चोरट्यासारख्या आवाजात म्हणाल्या, “तुमचं फूल ऱ्हायलं न्हाय व्हय, मामा?”

“न्हाय ऱ्हायलं, अक्का! लई बरं झालं बघा!” मामा इतक्या मोठ्यानं म्हणाले, की शाळूतली पाखरं उडाली. अक्का हसल्या आणि आणखी एक कणीस चोळायला बसल्या. मामांनी ओंजळ पुढं केली, दाणे घेतले, पण तोंडात टाकले नाहीत. शाळूकडं तोंड करून बांधावर बसून राहिले. निघायची वेळ झाली होती. मी दोनदा हाक मारली. तिसऱ्यांदा मारली नाही. जाऊन त्यांच्या शेजारी बसलो.