मामाची सात खान्यांची डबी

मामीचा फोन आला तेव्हा मी अंधेरीला ऑफिसात होते. "तुझा मामा उठत नाहीये गं," एवढंच ती म्हणाली. मी दहिसरला पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. दुपारी कामावरून आला, अ‍ॅसिडिटी झालीय म्हणून सोडा प्यायला, खुर्चीत टेकला... छातीत दुखलंसुद्धा नाही. मधुमेह जुना असला की हार्ट अटॅकमध्ये कधीकधी दुखत नाही, हे डॉक्टरांनी नंतर सांगितलं. आता दीड महिना होत आला. भेटायला येणारे म्हणतात, हळूहळू दुःख ओसरेल. दुःखाचं बघू, मला अजून मामाचा रागच येतो.

मामा प्लंबर होता. मालाडपासून दहिसरपर्यंत कितीतरी इमारतींत त्याने लाइनी टाकल्या होत्या. मूळचा मालवणकडचा, आवाज मोठा. मी कमी बोलणारी, त्यामुळे आमचं छान जमायचं. त्याला ऐकणारं कोणीतरी लागायचंच. गेल्या वर्षी मी त्याला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी साखरेच्या गोळ्यांच्या जोडीला आणखी एक गोळी लिहून दिली आणि समजावलं, धमन्या म्हणजे पाईप समजा, साखरेने ते आतून खराब होतात. हे एका प्लंबरला सांगायला नको होतं. मामा खूश झाला, त्याचाच विषय निघाला होता. पाईप चोंदला की काय करायचं? प्रेशरने पाणी सोडायचं. दुसऱ्या दिवसापासून सकाळी तांब्याभर गरम पाणी आणि गच्चीवर भराभर चालणं सुरू. काही महिन्यांनी साखर आटोक्यात आली, कोलेस्टेरॉलही नॉर्मल आलं, आणि त्याच दिवशी त्याने नवी गोळी बंद केली.

"नळाक पाणी साफ येता ना गो? मग लाइन कशाला खोदायची?"

"मामा, ती गोळी पाण्यासाठी नाहीये. पाईपसाठी आहे."

"पाईप कधी औषध खाता काय?"

घरी येऊन मी वाचत बसले. धमनी हा पाईप नसतोच. तिला आतून जिवंत पेशींचं पातळ अस्तर असतं. वर्षानुवर्षं साखर जास्त राहिली की ते दुखावतं, भिंत सुजते, कडक होते, आणि चरबी भिंतीच्या आत जाऊन साचते. साखर आज उतरली म्हणून जुनी इजा पुसली जात नाही. ती गोळी कोलेस्टेरॉल कमी करते, भिंतीतली सूज उतरवते आणि तो साठा अचानक फुटू नये म्हणून सांभाळते. रिपोर्ट नॉर्मल आला होता तोही बराचसा तिच्यामुळेच. पण हे सगळं माझ्या डोक्यात इंग्रजीत होतं. मामासमोर बसून मी त्या अस्तराला कसंबसं "एंडोथेलियम" म्हटलं, तर तो म्हणाला, "हा खंयचा स्टेशन?" मामी हसली, मलाही हसू आलं... विषय तिथेच संपला.

पुढच्या रविवारी मी मराठीची तयारी करून गेले. म्हटलं, "बाहेरून रंग चांगला असतो आणि भिंतीत आत ओल मुरलेली असते, तसं आहे तुझं." त्याने पहिल्यांदाच मान डोलावली. मग म्हणाला, "लिकेज हा म्हणून आधी सांगूचा ना. पाईप-पाईप काय लावल्यात सगळ्यांनी?" मी त्याला गोळ्यांची डबी आणून दिली, सोमवार ते रविवार, सात खाने. त्याने झाकणं उघडून-मिटून पाहिली. "झकास वस्तू हा गो." मला वाटलं, जिंकले.

तेराव्यानंतर मामीने ती डबी माझ्या हातात ठेवली. सातही खान्यांत नळाचे रबरी वायसर, म्हणजे वॉशर, होते. सोमवारी सगळ्यात बारीक, रविवारी टाकीच्या नळाचा जाडजूड. त्या नव्या गोळीच्या पट्ट्या कपाटात तशाच, न फोडलेल्या. गोळी घेतली असती तर वाचला असता का, असं मी डॉक्टरांना विचारलं. तसं खात्रीने सांगता येत नाही, म्हणाले. त्यामुळे धड भांडायलाही जागा उरली नाही.

परवा आमच्या स्वयंपाकघरातला नळ गळायला लागला. एरवी मामाला फोन केला असता. या वेळी पाणी बंद करून, पाना घेऊन मीच नळ खोलला. आतला वायसर कडक होऊन चिरला होता. बाहेरून नळ अगदी चकचकीत. डबीतला बुधवारचा मोठा झाला, मंगळवारचा बरोबर बसला. गळणं थांबलं. मी मंगळवारचं झाकण खटकन लावलं, मामावर चिडूनच.